दुर्बीण की ओगराळं

मुल्गेरी बंदर, कोरिया

तीर्थस्वरूप वन्संना मालसुकचा वाकून नमस्कार.

सोलच्या थंडीत गुडघे काय म्हणतात? तुम्ही पाठवलेल्या नाशपती पोचल्या. पहिली यांच्या तसबिरीपुढे ठेवली (नंतर मीच खाल्ली). माझी तब्येत बरी आहे.

तुमचे धाकटे भाऊ जाऊन वर्ष होत आलं. इथे आपल्या आरमाराच्या इतिहासाचं स्मारक होतंय, त्या समितीत ते होते. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून तिथे मला बसवलं. मी बोलत नाही, त्यामुळे सगळ्यांना फार आवडले. माझ्या मनात एकच होतं : जन्मभर जहाजावर रांधणाऱ्या माणसाची त्यात कुठेतरी आठवण राहावी. पण आराखड्यात स्वयंपाकी नव्हताच. होता तो दुर्बीण रोखून उभा असलेला एकटा ब्राँझचा नौसैनिक.

भांडण जुंपलं ते त्याचं तोंड कुणीकडे करायचं यावरून. समुद्राकडे करावं, तर पाठ (आणि पाठीखालचं सगळं) धक्क्यासमोरच्या ज्येष्ठांच्या बैठकघराकडे. तिथल्या आजोबांनी निरोप धाडला, "उरलेलं आयुष्य आम्ही या पोराचं बूड बघत काढायचं का?" खरंच आहे, ज्येष्ठांना पाठ दिसू नये म्हणून त्या घरातून खुद्द नगराध्यक्षही उलट्या पावलांनी बाहेर पडतात. बरं, गावाकडे तोंड करावं, तर समितीचे अध्यक्ष कप्तान नाम यांनी टेबलावर मूठ आपटली, "समुद्राला पाठ दाखवतो तो नौसैनिक नव्हे, पळपुटा!" शेवटी आडवा वळवायचं ठरलं. उजवीकडे शेजारच्या गावचं याहून मोठं स्मारक आहे, तिकडे दुर्बिणीतून बघणं म्हणजे उघड जळणं. म्हणून डावीकडे. सगळे खूश. पुठ्ठ्याचा नमुना धक्क्यावर उभा केला तेव्हा कळलं, दुर्बीण थेट बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरावर (आमच्या घराखालचं, तुम्हाला आठवत असेल) रोखलेली. मालकीणबाई हातातल्या बादलीसकट आल्या. "काय हो कप्तानसाहेब, आरमाराला हाच शत्रू सापडला?"

तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, "तसाच राहू द्या. फक्त दुर्बीण काढून हातात ओगराळं द्या. स्वयंपाकी आपल्या पातेल्यात बघतो."

"स्मारक करतोय की खानावळीची पाटी?" कप्तान गरजले. तेव्हा गिलनाना (यांच्याच जहाजावरचे इंजिनवाले) हळूच म्हणाले, "साहेब, वादळात आपण केबिनमध्ये बादलीला मिठी मारून होता. सुक्या माशाचा रस्सा चमच्याने कोण भरवायचं?" कप्तानांनी बराच वेळ चष्मा पुसला. ठराव मंजूर झाला.

वर्षश्राद्धाला नक्की या. रस्सा करीन, पण यांच्या हातची चव येत नाही.

आपली,
मालसुक

ता. क. शिल्पकाराला नमुन्यासाठी कुणाचा तरी चेहरा हवाय. माझ्याकडचे यांचे सगळे फोटो गणवेशातले, दाढ दुखत असल्यासारखे. तुमच्या लग्नातला, पातेल्याच्या वाफेत डोळे मिटेपर्यंत हसणारा, तो तेवढा पाठवा. समितीला कळता कामा नये.

आणखी एक. पातेल्यात बघण्याचं मी समितीला सांगितलं होतं. शिल्पकाराला सांगितलंय, मान जरा वर असू द्या, जेवायला कोण यायचं राहिलं ते बघतोय अशी. तेवढ्या उंचीवर न्हाणीघर संपतं आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी येते.