बुडाचा टाका

माय, सकाळपासून चौथ्यांदा कागद घेऊन बसले आहे. तीनदा उठले. एकदा पाण्याच्या पाइपाचं टोक बघून आले, एकदा उगाच बाहेर जाऊन सडक बघितली, आणि एकदा काहून उठले तेच आठवत नाही. हाताला काम नसलं की मी अशी होते हे तुला ठाऊक आहे. या पोरीच्या पायाले भिंगरी हाये, असं तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस. लिहायला बसलं की माझा हात शाळेतलंच मराठी लिहितो. तुझ्याशी मी कधी असं बोलले नाही, तेवढं चालवून घे. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला काही लिहावंसं वाटलं नाही, मनातल्या मनात मात्र रोज तुझ्याशी भांडते. आज भांडायला तोंड नाही, म्हणून कागद घेतला.

मी आता काय करते ते आधी सांगायला हवं, कारण तू गेलीस तेव्हा मी दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जात होते. आता रिसोडच्या बाहेर, सडकेला लागून, हिरव्या जाळीची एक शेड आहे माझी. तिच्यात मी फुलं वाढवते, पण जमिनीत नाही. जाड कापडाची कमरेएवढी लांब नळी शिवायची, तिच्यात नारळाचा भुसा आणि शेणखत दाबून भरायचं, तीन बाजूंनी बोटभर चिरा द्यायच्या आणि प्रत्येक चिरेत पिटुनियाचं एकेक रोप खोवायचं. पहिले वीसेक दिवस नळी फळीवर आडवी झोपवून ठेवायची. मुळांनी भुसा धरला की मोठे नर्सरीवाले येऊन घेऊन जातात आणि त्यांच्या शेडमध्ये उभी टांगतात. वरून थेंब थेंब पाणी सोडलं की महिन्याभरात कापड दिसत नाही, वरपासून खालपर्यंत नुसती फुलं दिसतात. पुढं ती लग्नाच्या मंडपात जातात, हॉटेलात जातात. तू हे बघितलं असतंस तर आधी विचारलं असतंस, काहून वं, जमीन सरली का? मावशीनं तेच विचारलं होतं.

मावशी म्हणजे तुझी जोडीदारीण, रिसोडच्या बाजारात तुझ्या शेजारी बसून जन्मभर फाटकी पोती शिवणारी. शेड उभी राहिली तेव्हा मी पहिली तिच्याच घरी गेले, कारण नळी शिवणं म्हणजे लांबडं पोतं शिवणंच. ती म्हणाली, आता डोळ्याले दिसत नाही पोरी, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी जयभीम करत सगळ्यांच्या आधी शेडच्या दारात हजर. तिच्या हातात तेच दाभण, तीच सुतळी. कापडाची घडी मांडीवर घेऊन ती टाका घालायची, प्रत्येक टाका मागं परतून पुन्हा पुढं न्यायची, आणि तोंडानं तुझ्या गोष्टी चालू. तू कसं एका अडत्याला सगळ्यांदेखत गप्प केलंस, तू डब्यात मिरच्यांचा ठेचा जास्त आणायचीस आणि स्वतः कोरडी भाकर खायचीस. अर्ध्या गोष्टी मला माहीत नव्हत्या. दोन वर्षं मी तुला तिच्या तोंडून ऐकलं आहे, माय.

मग काम वाढलं. कारंज्याच्या एका मोठ्या नर्सरीवाल्या भाऊंनी एकदम शंभर नळ्या मागितल्या, लग्नसराईच्या आधी हव्या होत्या. एवढं हातानं होणार नव्हतं. मी बाजारात मिळतं ते पोत्यांची तोंडं शिवायचं मशीन आणलं, हातात धरायचं, विजेवर चालणारं. घर्रकन आवाज होतो आणि एका दमात शिवण पूर्ण. मावशी दिवसभर शेडमध्ये भुसा भरायची, रोपं खोवायची, आणि मी घरी बसून नळ्यांची बुडं मशीनवर शिवायचे. बारीक दोऱ्याचा तो टाका तिच्या डोळ्यांना दिसण्यासारखा नव्हता. मधे दोन दिवस वीज नव्हती, तेव्हा वीसेक नळ्या मावशीनं हातानं शिवून दिल्या. मला त्या मशीनचा फार गर्व झाला होता, खोटं कशाला सांगू. शिवण पांढरीशुभ्र, सरळ रेषेत. मी फोटो काढून बहिणीला पाठवला होता.

आता ती शिवण काय असते ते तुला वेगळं सांगायला नको. आणि हेच मला टोचतं, की मलाही कुणी सांगायला नको होतं. मी दहा वर्षांची आहे, दिवाळीची सुट्टी आहे, बाजारात सोयाबीनचे ढीग लागले आहेत. तू दातात सुतळी धरून शिवते आहेस आणि माझ्या हातात दुसरं दाभण. मला खेळायला जायचं आहे. बूड फाटलेलं एक पोतं माझ्या वाट्याला आलं आणि मी त्याला भराभर तोंडाचा टाका घातला, साखळीचा, एका टोकानं ओढला की सरसर निघतो तो. हमालानं भरलेलं पोतं पाठीवर घेतलं, चार पावलं गेला, आणि अख्खं सोयाबीन त्याच्या पायाशी. व्यापारी ओट्यावरून ओरडला, हे शिवलं कोणी? तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, मी. तो दहा माणसांसमोर तुला वाट्टेल ते बोलला. तू मान खाली घालून ऐकलंस. तो आत गेल्यावर माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की श्वास अडकला. मग मला दाणा न् दाणा वेचायला लावलंस, आणि स्वतः शेजारी बसून वेचू लागलीस. तेव्हा म्हणालीस,

"तोंड असते उघडाले, बूड असते धराले. दोन्हीचा टाका येगळा. पुन्हा घाई केली तर हात मोडून ठेवीन."

घाई केली, माय. पस्तीस वर्षांनी केली. ते मशीन तोंडाचं होतं आणि मी त्यानं बुडं शिवली, टोकाला गाठही मारली नाही. फळीवर आडव्या होत्या तोवर नळ्यांना काही झालं नाही. कारंज्याला उभ्या टांगल्या, पहिलं पाणी सोडलं, भुसा भिजून जड झाला आणि एकेक बूड उसवत गेलं. भाऊंचा सकाळीच फोन आला. मी तशीच निघाले, वाशीमला एसटी बदलून कारंज्याला पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. शेडमध्ये पाऊल टाकायला जागा नव्हती. खाली ओल्या भुशाचे ढीग, त्यात मोडलेली रोपं, कळ्या भुशात तोंड घालून पडलेल्या, आणि वर रिकामी कापडं लोंबत होती. फक्त एका कडेला वीसेक नळ्या जशाच्या तशा. मी जवळ गेले. बुडाला सुतळी होती, परतून घातलेला टाका. मावशीच्या नळ्या. मला तिथल्या तिथं सगळं कळलं, एका क्षणात.

भाऊ वाईट माणूस नाहीत. आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, ताई, मी मंडपवाल्याला शब्द दिला आहे, हे कसं झालं? शेडमध्ये त्यांची चार-पाच माणसं उभी होती, सगळी माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, आमच्याकडं एक म्हातारी आहे शिवायला, हात थरथरतात तिचे. आम्हाला उशिरा कळलं. माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की मला माझाच धक्का बसला. त्या वेळी तुझी आठवण झाली नाही, असं लिहिणार होते. पण झाली होती. ओट्यावरचा तो व्यापारी, तुझी खाली घातलेली मान, सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि तरी मी ते बोलले. भाऊ म्हणाले, मग बसवा तिला घरी, सगळं मशीनवर करा, दुसरी खेप लवकर द्या.

एक खोटं बोललं की ते सांभाळत बसावं लागतं. दुसऱ्या दिवशी मावशी दाभण घेऊन बसली तशी मी म्हणाले, मावशी, शिवण राहू दे, तू रोपंच लाव. तिनं विचारलं, काहून? मी दुसरीकडं बघून सांगितलं की कारंज्याला तू शिवलेल्या नळ्या उसवल्या, तुझे हात आता थरथरतात. ती दोन्ही हात समोर धरून बघत राहिली, उलटे करून बघितले, पुन्हा सुलटे. मला ते हात दिसत होते, माय. दगडासारखे स्थिर होते. दुपारी चहा झाला तेव्हा म्हणाली, मले अर्धाच कप दे, सांडंल. दोन दिवसांनी रोप खोवतानाही घाबरायला लागली, मोडंल म्हणायची. पुढच्या आठवड्यात यायची बंद झाली. तिची सून बाजारात भेटली तेव्हा सांगत होती की आता बुढी नातीलेही उचलत नाही, हातातून पडंल म्हणते, अन् हातपाय तर चांगले हायेत तिचे, काय झालं कोणाला ठाऊक.

त्या दिवसापासून मला चैन नाही. दुसरी खेप मी एकटीनं शिवली, हातानं, सगळी बुडं परतून. बोटांना फोड आले तर बरंच वाटलं. नळ्या पोहोचल्या, टांगल्या, पाणी दिलं, एकही सुटली नाही. मग मी हिंमत करून भाऊंना फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. शिवण माझी होती, म्हातारीची नव्हती. मला वाटलं होतं शिव्या बसतील, काम जाईल. ते म्हणाले, अहो ताई, कोणाचीही असो, आता माल चांगला आला ना, सोडून द्या. त्यांना म्हातारी आठवतही नव्हती. मी फोन ठेवला आणि इतका राग आला, त्यांचा नाही, माझाच. ज्याला सांगणं सोपं होतं त्याला सांगून मी मोकळी होऊ बघत होते.

म्हणून काल मावशीच्या घरी गेले. ती ओसरीत बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. सून चहा ठेवायला आत गेली. मी बसले, उठले, पुन्हा बसले, आणि एका दमात बोलून टाकलं. मावशी, त्या नळ्या तुझ्या नव्हत्या. मी मशीननं बुडाला तोंडाचा टाका घातला होता. तुझे हात चांगले आहेत. मी खोटं बोलले.

ती हसली, माय. कित्येक दिवसांनी हसली असेल. तिनं मांडीखालचा एक हात काढला आणि माझ्या गालावरून फिरवला.

"मले येडी समजतं का वं? तुले तुह्या मायनं शिकवलं. तिची पोर बुडाले तोंडाचा टाका घालंल? माह्या जिवाले बरं वाटावं म्हणून सोतावर घेऊन राह्यली तू. अगदी तिच्यावानी हायेस."

मी म्हणाले, नाही मावशी, खरंच. ती म्हणाली, पुरे आता, चहा पी. आणि सुनेला हाक मारून सांगू लागली, पाह्य वं, हिची माय अशीच होती, दुसऱ्याचं सगळं आपल्या अंगावर घ्याची. सून कौतुकानं माझ्याकडं बघत होती. मावशीनं आपला चहा अर्धाच घेतला.

कारंज्यात मी तिच्या त्या वीस नळ्यांचा फोटो काढला होता, बुडाच्या सुतळीसकट. तो दाखवला असता तर तिला मानावंच लागलं असतं. फोन माझ्या हातातच होता. पण ती तुझं नाव घेऊन माझं कौतुक करत होती, अन् मले ते आयकत राहावंसं वाटलं.