गादीखालचे कागद

३ सप्टेंबर
— आणि ह्यांना कुशीवर वळवलं, गादीची कड उचलली, ओले कागद ओढले, कोरडे सरकवले. कागदांत वाळवायला ठेवलेलं नमुन्याचं झाड छान सपाट झालंय. लाकडी फळ्या आहेत दाबायला, पण ह्यांच्याइतकं वजन त्यांना कुठून येणार! कमरेखालचं अंग गेल्यापासून हे म्हणतात, "नोकरी गेली, पण बायकोनं कामाला लावलं."
रोज कागद बदलायचे, म्हणून रोज ह्यांना वळवायचं. डॉक्टर खूश. पाठीला एक ओरखडा नाही.

५ सप्टेंबर
खाणीमागच्या कड्यावर त्या निळ्या फुलांच्या झुडपाला फळ धरलंय! फुलं गेल्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना पाठवली होती. "नवीन जात दिसते. तुमचंच नाव देऊ." त्यांचे शब्द. फळ अजून कुणी पाहिलेलं नाही. एकच फांदी आणली. गादीखाली ठेवली.

९ सप्टेंबर
प्राध्यापकांचा फोन. नाव ठरलं — त्यांच्या गुरूंचं.
"बाई, शास्त्रात भावनेला जागा नसते."
गुरूंपुरती असते वाटतं! मग आवाज मऊ करून, "फळाचा नमुना मात्र लवकर पाठवा. त्याशिवाय वर्णन छापत नाहीत."
गरज सरायच्या आधीच वैद्य मारला.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तुझ्या त्या गवतमहाराजांना म्हणावं, नमुना हवा तर या आणि मला उचलून घेऊन जा."
"कुणी उचलायचं नाही! तुम्ही हलू नका. सडू दे तिथेच."
सबंध गल्लीला ऐकू गेलं असेल.

१० सप्टेंबर
कागद बदलले नाहीत.

१२ सप्टेंबर
आजही नाही. ह्यांच्यापुढे ताट आदळलं. गुपचूप जेवले. ह्यांच्यावर कशाला राग? पण दुसरं आहे कोण घरात.

१४ सप्टेंबर
प्राध्यापक स्वतः आले! ह्यांच्या पलंगाला लागूनच खुर्ची, तिच्यावर बसले. नमुना त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर.
"काहीच मिळालं नाही?"
"फळं गळून गेली," मी म्हटलं.
त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे बघत म्हणाले, "मला काय विचारता, साहेब. मी तर जागचा हललोसुद्धा नाही."
चहा न घेता गेले. दार लागल्यावर आम्ही दोघं हसलो — किती दिवसांनी! ह्यांना दरदरून घाम फुटला. हसण्यानेच असेल. खोलीत कुबट वास येत होता. म्हटलं, साहेबांचे बूट.

१५ सप्टेंबर
सकाळी राग उतरला होता. ह्यांना वळवायला घेतलं. कमरेखाली चादर चिकटली होती. सोडवली, तर कातडी निघून आली. गादीखाली कागद भिजलेले, फळावर काळी बुरशी.
"अहो, बोलायचंत तरी!"
"मला कुठे कळतं तिथलं. आणि तूच म्हणालीस, हलू नका."
डॉक्टर बघून गेले. इस्पितळात न्यायला सांगितलंय.