मानाचा बैल आणि वाचनालयाचं दार

मंगळवार, बेंदराची आदली संध्याकाळ. उत्रोली.

जिवाला चैन नाही. वाचनालयात शेतकरी फिरकत नाहीत, काय करावं, असं चिटणीसांनी सभेत विचारलं आणि मीच बोलून बसलो. बेंदराची मिरवणूक दारात थांबवू, गुरांच्या रोगांवरचं पुस्तक वाचून दाखवू, बैलांसाठी तरी लोक ऐकतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. चौथी शिकलेल्या माझं एरवी कोण ऐकतं?

पण मानाचा बैल मारुतीला पोचेपर्यंत वाटेत थांबवत नाहीत. जन्म इथं गेला आणि हेच कसं विसरलो? बैल पाटलांचा, म्हणून त्यांच्याकडे गेलो, तर हसले. "तात्या, बैल थांबला आन् पाऊस बी थांबला, मंग गाव कुणाला धरंल?" हसले, पण हो म्हणाले नाहीत.

परतताना थांबवावं? ही म्हणाली, "तवा बैलाला पुरणपोळीचा वास लागल्याला आसतो. मालकाला बी. पुस्तकापायी कोण थांबतंय?"

खरंच, कोण थांबेल? आणि चिटणीसांना आता तोंड कसं दाखवू?

मघाशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळत होतो. शेजारच्या गोठ्यातही तेच चाललेलं. बैल शांत, माणसं शांत, कुणाला कुठं जायची घाई नाही. मग पुस्तक आजच गोठ्यात का वाचू नये? पण चिटणीस शेणातून येतील? नाही म्हणाले तर मलाच वाचावं लागेल. माझं वाचन अडखळत, लोक हसतील. हसू देत, बैल तर हसणार नाहीत. लिहीत काय बसलोय? खांदे मळून व्हायच्या आत पुस्तक आणलं पाहिजे.