पाऱ्याजवळची ऊब

२ तारीख, सोमवार

आले एकदाची! बंदरावरच्या हवामान केंद्रात, पाऱ्याच्या बॅरोमीटरची रोज नोंद घ्यायच्या नोकरीवर. सूनबाई म्हणाली, आई, या वयात कशाला? म्हटलं, तुझ्याकडे भाज्या निवडण्यापेक्षा बरं. रविवारी मुलगा येणार आहे. बघू दे आईचा थाट.

साहेब माझ्या विद्यार्थ्यांहून लहान, आणि निघाला मलाच पदार्थविज्ञान शिकवायला! बॅरोमीटरचा थर्मामीटर सर्वांत आधी वाचायचा, कारण आपल्या अंगाच्या उबेने तो चढतो. मग नळीला हलकी टिचकी. भांड्यातला पारा हस्तिदंती टोकाला जेमतेम टेकवायचा, डोळा पाऱ्याच्या फुगीर माथ्याच्या रेषेत आणायचा, मग आकडा. कॉन्व्हेंटात सिस्टरने पट्टीच्या धाकाने हे घोटून घेतलंय, असं ऐकवलं त्याला.

खोली लहान, बिनखिडकीची. चपला बाहेर काढायच्या. तिथे एक जुनी बायकी जोडी दिसली. आधीच्या बाईंची. त्या कुठे असतात विचारलं, तर म्हणाला, गेल्या. दार लागू नये म्हणून फटीत चक्क वीट! का, तर म्हणे पहिल्यापासून तसंच आहे. झुळकीने पारा हलतो, हे या शहाण्याला कोण सांगणार?

३, मंगळवार

बॅरोमीटरचा थर्मामीटर भिंतीवरच्या दुसऱ्या थर्मामीटरपेक्षा दोन अंश वर. मी अजून उंबऱ्यातच होते. साहेब म्हणाला, मॅडम, तुम्ही जवळ रेंगाळत असाल. रेंगाळायला मी काय बसथांब्यावर आहे?

४, बुधवार

आज तीन अंश. अगदी शेजारी कुणी उभं असल्यासारखं. वीट सरकवायला वाकले, तर मानेवर ऊब. उभी राहिले, गेली. पुन्हा वाकले, पुन्हा ऊब. झुळूकच, दुसरं काय! उद्या वीट काढणार. अचूक म्हणजे अचूक.

५, गुरुवार

वीट काढून दार लावलं. थर्मामीटर झरझर उतरला, भिंतीवरच्याइतका. म्हटलं नव्हतं?

दार उघडत नाही. हाका मारून घसा बसला –

६, शुक्रवार

साहेबाने दार सहज उघडलं. चांगला फैलावर घेतला त्याला. त्याने मान वर केली नाही. वीट परत फटीत ठेवली. बाहेरची जुनी जोडी नाहीशी झालीय. माझ्याच चपला तेवढ्या.

उंबरा ओलांडते, आणि पाऱ्यासमोरच उभी असते. पुन्हा – पुन्हा –

८, रविवार

मुलगा आला. हातभर अंतरावर होता. साहेब म्हणाला, गेल्या. अरे मेल्या, कुठे गेले? इथे आहे मी! बाळाने माझ्या चपला उचलल्या, परत ठेवल्या, डोळे पुसले –

१०, मंगळवार

नवी बाई आलीय. साहेबाला झाडतेय. अगदी माझ्यासारखी –

थर्मामीटर पाहून कपाळाला आठ्या. वीट खुपतेय तिला.

आता कळलं. दार लागलं आणि आधीची सुटली. तरी ती मला अडवत होती, मानेशी ऊब धरून. स्वतः अडकून राहायची तयारी ठेवून.

आणि मी?

भाज्या निवडीन, सूनबाई. जन्मभर निवडीन –

वाकली. तिची मान समोर आहे. मी मागे सरकतेय – भिंतीला पाठ – श्वाससुद्धा रोखलाय –