पासबुकाचं झाकलेलं पान

मिसिसागा, रविवार

प्रिय लिनेटताई,

पासबुकाच्या सगळ्या पानांचे फोटो आले आणि नेमकं फेब्रुवारी दोन हजार एकवीसचं पान तेवढं तुझ्या अंगठ्याखाली गेलं, हे तू दुसऱ्या कुणाला तरी सांग. फोनवर विचारलं तर म्हणालीस, आईच्या औषधाची वेळ झाली, ठेवते. मागच्या रविवारीही तेच. मी फोन केला की बरोबर त्याच वेळी आईला औषध लागतं का गं?

पुन्हा सांगतो, कारण तुला वाटतंय मी बहाणा करून तुझ्या खात्यात डोकावतोय. पप्पा दोन वर्षं ह्यूस्टनच्या गोदीत होते, तिथे माझा जन्म झाला, दीड वर्षाचा असताना मला घेऊन सगळे वसईला परत आले. आपल्या लेखी गोष्ट तिथेच संपली. पण वेबसाइटवरून आपल्या वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी आणि मसाला विकतो, त्या धंद्यासाठी इथल्या बँकेत वेगळं खातं उघडायला गेलो, तिथल्या मुलीने जन्मगाव विचारलं, मी ह्यूस्टन म्हटलं आणि तिचा हात कीबोर्डवरच थांबला. मग तिने माझ्यापुढे आणखी एक फॉर्म सरकवला.

तुझी भावजय कॅथरिन, तिने मला परीक्षितकडे पाठवलं. नाशिकचा आहे, ग्रोसरीच्या दुकानाशेजारी बसतो, लोकांचे टॅक्स भरून देतो. तो म्हणाला, तिथे जन्मलास म्हणजे तू अमेरिकन नागरिक आहेस, जगात कुठेही राहा, दर वर्षी सगळी कमाई त्यांना कळवायची. वेबसाइटवरची सुद्धा. मी म्हटलं, राहतो मिसिसागात, माल वसईचा, गिऱ्हाईक इथलंच, सरेचं नाहीतर रिचमंड हिलचं, यात अमेरिका आली कुठून? तो म्हणाला, तुझ्या जन्मदाखल्यातून. मला वाटलं, हा फी काढायला बसलाय. आणखी दोघांना विचारून आलो, ते पण तेच म्हणाले. इथे भरलेला टॅक्स तिथे वजा होतो, त्यामुळे पैसे जवळजवळ काही जायचे नाहीत. धंद्यावरची पेन्शनची वर्गणी इथे भरतो त्याचा दाखला आणला की ती दुसऱ्यांदा भरावी लागत नाही. पण कागद दिले नाहीत तर मेलो.

आणि कागदांत खाती येतात. माझं नाव असलेलं जगातलं प्रत्येक खातं, गेल्या सहा वर्षांत त्यात जास्तीत जास्त किती पैसे होते ते. सगळी मिळून एक दिवस जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली तरी सांगायचं. शिवाय इतकी वर्षं का कळवलं नाही, ते माझ्या शब्दांत लिहून खाली सही करायची. नकळत राहिलं असेल तर सुटका आहे. माहीत असून एक खातं जरी लपवलं, तर एवढा दंड बसेल की धंदा बंद करून आयुष्यभर गोदामात खोकी उचलत बसेन. मी परीक्षितला छाती ठोकून सांगितलं, इथल्याशिवाय माझं खातं नाही. तुला हे हसत हसत सांगितलं. मग तू म्हणालीस, माझ्या खात्यावर तुझं नाव आहे रे.

आपल्याकडे एकट्याच्या नावावर पैसे ठेवत नाहीत, हे मला माहीत आहे. आईचंच वाक्य ना ते, एकाच नावावर ठेवलं की बँकच वारस होते. पण आधीच्या पानावर पाच लाखांवर शिल्लक? शिवणाच्या क्लासमधून? क्लॅरिसा मावशी म्हणत होती, विहिरीमागच्या केळीत कुणी टेप घेऊन फिरत होतं. मला वाटलं, बिल्डरला जमीन विकतेस; तू म्हणालीस सरकारी मोजणी. बरं. कॅथरिनला हे बोललो तर ती म्हणाली, बहिणीवर असा संशय घेऊ नये. मग दोन दिवस मी तिच्यावरच घेतला, कारण तुझा मेसेज आला की ती फोन उलटा ठेवते.

हेरॉल्डशी लग्न मोडल्यापासून तू अशी झालीस. आधी सगळं सांगायचीस. मेमध्ये लग्न ठरलेलं, मी इथे येऊन दोन महिने झाले नाहीत तोवर फोनवर एवढंच म्हणालीस, नाही जमलं. मी म्हटलं, सुटलीस, तो कंजूष माणूस, लग्नाच्या बँडमधले वाजवणारे सुद्धा मोजून घेतले असते. तू हसली होतीस. की नव्हतीस?

गुरुवार

वरचं सगळं रविवारी लिहिलं. खोडणार होतो, पण नाही खोडत. तुला कळू दे मी कसा आहे.

खात्यावर माझं नाव आहे म्हणजे मलाही हक्क आहे, म्हणून तुला न सांगता शाखेत ईमेल केला. खातं उघडल्यापासूनचं सगळं मागवलं. काल आलं. गोदामात जेवणाच्या सुट्टीत उघडलं, डबा तसाच राहिला. तीन हजार. साडेतीन हजार. एका महिन्यात सातशे. पावसाळ्यात क्लासला मुली येत नाहीत तेव्हा काहीच नाही. अशी अकरा वर्षं. बिल्डर कुठेच नाही. आणि नऊ फेब्रुवारी एकवीसला एका ओळीत पाच लाख चाळीस हजार बाहेर. शिल्लक एक हजार एकशे बारा.

दहा फेब्रुवारीला तू माझ्या हातात पिशवी दिलीस. म्हणालीस, पप्पांचे गोदीचे पैसे अडकले होते, ते सुटले. स्पॉन्सरशिपची फी, तिकीट, इथलं पहिलं भाडं, सगळं त्यातून. मी इथे चर्चमध्ये भेटेल त्याला सांगत फिरलो, की मला बापाच्या अमेरिकेच्या पैशाने कॅनडाला आणलं. हेरॉल्डच्या घरच्यांना तू पैसे पुन्हा साठेपर्यंत एक वर्ष थांबा म्हणाली होतीस, ते थांबले नाहीत, हे काल कॅथरिनने सांगितलं. तिला सुरुवातीपासून माहीत होतं.

परीक्षितला माझ्या शब्दांत लिहून हवं होतं ना, ते दिलं. लिहिलं, अठराव्या वर्षी बहिणीने बोट ठेवलं तिथे सही केली, वाचलं नाही, विसरलो. त्या खात्यात माझा एक पैसाही नव्हता. त्याने दोनदा वाचलं, म्हणाला, चालेल.

हे पत्र सुरू केलं ते ते पान मागायला, आता पाठवतोय ते दुसऱ्याच कामासाठी. एक संशय अजून आहे. मी पाठवीन ते तू पुन्हा माझं नाव असलेल्या खात्यात टाकशील आणि वर म्हणशील, तुझ्याच मुलाबाळांना होतील. म्हणून आधी बँकेत जाऊन माझं नाव काढ. नवं खातं उघड, फक्त तुझ्या नावाचं, आई काय म्हणेल ते म्हणू दे. त्याच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव, अंगठा बाजूला ठेवून. डिलिव्हरीसाठी व्हॅन घेणार होतो, ती नाही घेत. सुकेळी बसने नेली तरी पोचतात. उरलेले पुढच्या नाताळपर्यंत देतो. आज व्हॅनचे ठेवलेले पाठवतोय, दोन लाख दहा हजार रुपये.

तुझाच,
डेस्मंड