तुमच्या तिथीला मिळालेलं पेप्टाइड

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमच्या पायाची जखम काही माझा पिच्छा सोडत नाही. आर्वीच्या एसटी डेपोत दुरुस्तीच्या गाडीखालून निघताना टाचेला पत्रा लागला, एवढासा. तुमच्या शुगरनं ती जखम भरलीच नाही. आई पट्टी बदलते आहे, मी तोंड फिरवून उभी आहे, आणि तुम्ही माझ्यावरच खेकसता, "तू काऊन रडून राह्यली? पाय माहा हाय. जाय, अभ्यास कर." केला अभ्यास. त्याचं हे असं झालं.

वर्ध्याच्या प्रयोगशाळेत मी पेप्टाइड शोधते, म्हणजे प्रथिनांचे इवलेसे तुकडे. कातडीच्या पेशीवर एक रिसेप्टर असतो, बाहेरचा इशारा ओळखणारी कळच म्हणा. तो जागा झाला की पेशी वाढतात, जखम भरत येते. त्याला जागं करणारा तुकडा हवा. चार वर्षं तुकड्यामागून तुकडा तपासला, एकही कामाचा निघाला नाही. मग गेल्या पितृपक्षात एक लागला. तपासणीआधी पेशींना दिवसभर उपाशी ठेवावं लागतं, कारण त्यांच्या खुराकात रक्तातून काढलेलं सिरम असतं, आणि त्यानंही रिसेप्टर जागा होतो. त्या दिवशी तुमची तिथी. तुमचं पान वाढेपर्यंत मी पाण्याचा घोट घेतला नाही, पण आर्वीची एसटी गाठायच्या घाईत पेशींच्या निम्म्या ताटल्यांतला खुराक काढायचा राहिला. दुसऱ्या दिवशी नेमकं त्यांच्यातच नवं पेप्टाइड टाकलं आणि तुलना केली उपाशी पेशींशी. रिसेप्टर किती जागा झाला त्याचा आकडा असा चढला की मी हात जोडले. आई फोनवर रडली, "तुह्या बाबानंच देल्लं व हे तुले." प्रयोगशाळेतल्या सरांनी पेढे वाटले.

नंतर सगळ्या पेशी नीट उपाशी ठेवून तीनदा केलं. काही नाही. काल सरांना सांगितलं, "चूक झाली, तेव्हा लक्षात आलं नाही." ते बराच वेळ माझी प्रयोगांची वही चाळत बसले, मग म्हणाले, "होतं असं." त्यांनी रागवायला हवं होतं. आता हातात काही नाही, पहिल्यापासून सुरू करायचं त्राणही नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार, वहीतच राहील. म्हणून लिहिते. लक्षात आलं नाही, हे खोटं आहे बाबा. उपाशी ठेवलेल्या ताटलीच्या झाकणावर मी खूण करते. त्या निम्म्या ताटल्यांच्या झाकणांवर ती नव्हती, आणि हे मी पेप्टाइड टाकण्याआधीच पाहिलं होतं. एकदा तरी आकडा चढलेला बघायचा होता.