आईच्या जीपचा धूर

४ जानेवारी, ब्रह्मपुरी
जीप सुरू झाली! रहीमभाऊ मेकॅनिकच्या शेडात दोन वर्षं खोलून पडली होती. आईनं बॉनेटवर हात फिरवला. म्हणे, "आवाज तोच हाय." बाबांनी लिलावात घेतली, पण चालवायची आईच. नर्स होती. जंगलातल्या गावांतल्या अडलेल्या बाया हिच्यातूनच गडचिरोलीले नेल्या. आता आई ऐंशी पार. एकदा त्या गावांत जीपनंच जायचं म्हणते. नोंदणी कधीचीच संपली. नव्यानं करावी लागते.

९ जाने.
धुराची तपासणी. मशीनवर पास. पण सर्टिफिकेट निघत नाई! नोंदणी चालू नसली तर कम्प्युटर नंबर घेत नाई म्हणे. मी आरटीओत गेली, तर तिथं, "आधी धुराचं सर्टिफिकेट आणा." हसू का बोंबलू?

१७ जाने.
पुन्हा आरटीओ. खिडकीतला साहेब : "बीएस कोणतं?"
"साहेब, गाडी बनली तेव्हा धुराचे हे बीएस नियमच नव्हते."
"रकाना रिकामा ठेवता येत नाही, मॅडम."
मग काय, तिले परत जन्माले घालू?
येताना पुढं कोळशाचा ट्रक. काळा धूर सरळ तोंडात. त्याचे कागद मात्र बरोबर असतीन! डोकं भणभणून राह्यलं.

२ फेब्रु.
साहेबांनीच मार्ग सांगितला, विंटेजमध्ये टाका, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची वेगळी नोंदणी असते. खुश झाली मी. मग अटी वाचल्या. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती. बस, तेवढंच.
"आईले गावांत फिरवून आणायचं आहे."
"तसा वापर चालत नाही."
म्हणजे जीप लोकायले दाखवायले चालते, माणूस न्यायले नाई! आयुष्यभर जिनं माणसंच नेली, तिले आता हार घालून उभी करायची. फॉर्म तसाच पर्समध्ये. आईले काय सांगू...

३ फेब्रु.
तिनं विचारलंच. सांगितलं सगळं. मग म्हणे, "त्या बाया जगल्या का मेल्या, कोणत्या ऑफिसानं मले कधी विचारलं नाई. आता धूर विचारतेत."
भाजी तशीच ठेवून उठली.

८ फेब्रु., सकाळ
इंजिनचा आवाज. धावत बाहेर गेली. किल्ली तिनंच फिरवली, मग सरकून शेजारच्या सीटवर. पांढरं लुगडं, मांडीवर डबा.
"बस बाई. चालव."
"आई, पकडतीन. माही कॉलेजची नोकरी आहे."
"पकडू दे. मी बोलतो त्यायच्याशी."
पर्स आणतो म्हणून आत आली, अन् हे लिहून राह्यली. पर्समध्ये फॉर्म. सही केली तर विंटेज, जीप नुसती दाखवायची. नाई तर बिनकागदाचीच चालवायची...
बाहेर हॉर्न. परत हॉर्न.